उसन्या नावाची कणगां

थंडीत म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पेडणे-डिचोलीकडच्या बायका मातीने माखलेल्या कणगांचे, म्हणजे रताळ्यांचे, ढीग लावून बसतात. मागच्या खेपेला माझ्यापुढे एक तरुण बाई उभी होती. तिने मोबाइलवर एक तक्ता उघडला होता. डाव्या रकान्यात बटाटा, उजव्यात रताळे, आणि उजवीकडे 'अ' जीवनसत्त्वापुढे एवढा मोठा आकडा, की बटाट्याने लाजून मातीत परत जावे. "हेच ना ते?" तिने विचारले. विकणारीने एक कणंग मोडून पुढे धरले. "घे गो बाये, साकरेवरी गोड." आत पांढरेशुभ्र. मोडल्या जागी दुधासारखा चीक जमू लागला होता. तक्त्यातल्या चित्रातले रताळे मात्र गाजरासारखे नारिंगी होते. बाईने दोन किलो घेतली आणि ती खुशीत गेली.

तक्ता खोटा नव्हता, पण तो या टोपलीचा नव्हता. अशी गफलत या दोन कंदांच्या बाबतीत काही पहिल्यांदा झालेली नाही. पाचशे वर्षे ते एकमेकांच्या, आणि तिसऱ्याच कुणाच्या, नावावर जगत आले आहेत.

'बटाटा' हा शब्द मुळात रताळ्याचा. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत. कोलंबसाच्या माणसांनी कंद आणि शब्द दोन्ही स्पेनला नेले. १५१९ मध्ये मॅगेलनबरोबर निघालेल्या पिगाफेत्ताने ब्राझीलच्या किनाऱ्यावर 'बटाटे' खाल्ले आणि चव चेस्टनटसारखी असल्याचे लिहून ठेवले. ती रताळीच. आज आपण ज्याला बटाटा म्हणतो तो तेव्हा दूर अँडीज पर्वतात होता आणि त्याचे तिथले नाव होते 'पापा'. तो युरोपात पोहोचला तो मागाहून. पोर्तुगीजांनी या उशिरा आलेल्या पाहुण्यालाच 'बटाटा' म्हणायला सुरुवात केली आणि मूळ मालकाला शेपूट जोडले: 'बटाटा-दोसे', म्हणजे गोड बटाटा.

हीच गोष्ट आपल्याकडे वेगळ्या पात्रांनिशी पुन्हा घडली. कोकणपट्टीत जुना, इथलाच एक कंद आहे. सुरणाइतका मोठा नाही, मुठीएवढा, वेलीच्या बुडाशी काटे असलेला. तेरेखोल ओलांडून सिंधुदुर्गात गेलात तर त्याला कणगर म्हणतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्याची 'कोकण कांचन' ही जात काढली. त्याच विद्यापीठाची 'कोकण अश्विनी' मात्र रताळ्याची. दोन कंद, दोन नावे, गोंधळ नाही. गोव्यात मात्र 'कणगां' म्हटले की समोर येते रताळे, आणि त्या जुन्या काटेरी कंदाला म्हणावे लागते 'काटेकणगां'. परक्याने घर घेतले आणि घरधन्याच्या नावापुढे विशेषण लागले! पोर्तुगालात 'दोसे', गोव्यात 'काटे'.

मला यात लोकांची चूक दिसत नाही. जमिनीखाली वाढणारा, उकडून खायचा, वेलीचा कंद असे तिन्ही गुण जुळल्यावर गावकऱ्याने नवे नाव कशाला शोधावे? शिवाय रताळ्याला बियाणेही लागत नाही. वेलीचा वीतभर तुकडा मातीत खोचला की लागला. राज्यांच्या हद्दीही त्याला आडव्या येत नाहीत. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेले प्रांत, पोर्तुगीजांकडे सोळाव्या शतकातच होत्या. डिचोली त्यांच्याकडे १७८०च्या दशकात गेली आणि पेडणे सावंतवाडीकरांकडून १७८८ मध्ये. पण वेलीचा तुकडा कमरेला खोचून नदी ओलांडणाऱ्याला नाक्यावर कोण अडवणार?

पेडण्यातच कणगांच्या वेलीची एक भावकीही आहे. मोरजी, मांद्रेच्या वाळूवर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. शेताच्या वरंब्यावरचे कणगांचे फूल आणि ते फूल शेजारी धरून पाहा, चेहरेपट्टी एकच. बटाट्याचे गोत्र निराळे: वांगी, टोमॅटो, मिरची. कणंग हे मूळ आहे, बटाटा हे फुगलेले खोड. म्हणूनच बटाट्याला डोळे असतात. कणगांचा कोवळा पाला खाता येतो, बटाट्याचा पाला विषारी. हिरवा पडलेला बटाटाही टाकून द्यावा.

बटाट्याला कंद धरायला रात्रीचा गारवा लागतो. तो गोव्यात नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या राज्यात पुण्याच्या बाजूला, खेड-जुन्नरकडे, तो फोफावला. गोव्यात तो घाटावरून येतो, मुख्यतः बेळगावहून, आणि तरीही डिचोलीच्या कुठल्याही हॉटेलात सकाळी सात वाजता पावाबरोबर सुकी भाजी मागितली तर बशीत तोच असतो. कणंग मात्र भातकापणीनंतरच्या शेतात, घरच्या माणसांच्या हातचे. ते खतखत्यात पडते, रव्यात घोळवून त्याची कापां होतात, नाहीतर नुसते उकडून खोबऱ्याबरोबर खाल्ले जाते.

एकादशीला दोघेही चालतात. कारापूरच्या विठ्ठलापुरात आषाढीला दर्शन घेऊन आलेला माणूस घरी रताळ्याचा कीस खातो, बटाट्याची भाजी खातो, वर शेंगदाण्याचे कूट आणि हिरवी मिरची. चारही पदार्थ अमेरिकेचे, आणि तांदूळ मात्र वर्ज्य! विठोबाची काही हरकत नसावी.

आता त्या तक्त्याकडे येऊ. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या आकड्यांत १०० ग्रॅम कच्च्या नारिंगी रताळ्यात सुमारे साडेआठ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आहे, बटाट्यात जवळपास नाही. शरीर याच कॅरोटीनपासून 'अ' जीवनसत्त्व बनवते, आणि नारिंगी रंग हा कॅरोटीनचाच. गर पांढरा असेल तर तो आकडा गळून पडतो. आफ्रिकेत हाच पेच होता: लोक रताळी पोटभर खात, पण पांढरी, आणि मुलांत 'अ' जीवनसत्त्वाची कमतरता. तिथे नारिंगी जाती रुजवणाऱ्या शास्त्रज्ञांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपिके संशोधन संस्थेने 'भू सोना' काढली आहे. तिच्यात १०० ग्रॅममागे १४ मिलिग्रॅम कॅरोटीन, नेहमीच्या जातींत दोन-तीन.

मग पांढऱ्या कणगांच्या पदरात काय उरते? तंतू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७च्या कोष्टकांत १०० ग्रॅम रताळ्यात सुमारे चार ग्रॅम तंतू आहेत, बटाट्यात पावणेदोन. पण उष्मांकही रताळ्यातच जास्त, साधारण ११० विरुद्ध ७०. 'वजन कमी करायला बटाटा सोडून रताळे' या सल्ल्याचा पाया इथेच डळमळतो. 'क' जीवनसत्त्वात अमेरिकन तक्त्यातला बटाटा उलट पुढे आहे. लोह दोघांतही एक मिलिग्रॅमच्या आत. डिचोलीच्या मातीतले लोखंड जहाजे भरून जपानला गेले, कणगांत काही फारसे उतरले नाही.

साखरेचा प्रश्न असेल तर रताळे की बटाटा यापेक्षा उकडलेले की भाजलेले हे आधी विचारा. रताळे संथ आचेवर भाजले की त्यातला पिष्टाचा भाग माल्टोज साखरेत बदलतो. निखाऱ्यातले कणंग गोड लागते ते म्हणूनच, आणि रक्तातली साखरही ते झपाट्याने चढवते. उकडलेले त्या मानाने सौम्य. तळलेली कापां म्हणजे तेलाचा हिशेब, तिथे बटाटा आणि कणंग दोघेही सारखेच गुन्हेगार.

माझ्या मते या दोघांची कुस्ती लावण्यातच फारसा अर्थ नाही. दोन्ही पिष्टमय आहेत, भाताच्या जोडीला नव्हे तर भाताच्या बदल्यात खायचे. बाजारात कणगां घेताना एक मोडून आतला रंग बघा. पांढरा निघाला तरी घ्या, पण शेजारच्या टोपलीतली तांबड्या भाजीची जुडीही बरोबर घ्या आणि ती खोबरे घालून करा. मोबाइलवरच्या तक्त्यातले 'अ' जीवनसत्त्व त्या जुडीत आहे.