फेब्रुवारीतले शंभर रुपये

धुळे जिल्ह्यात नरडाण्याच्या एमआयडीसीतल्या कामगाराचे पगारपत्रक पाहिले, तर पगार दहा हजारांच्या वर असल्यास दर महिन्याला त्यातून २०० रुपये कापलेले दिसतात. समोर 'पीटी' एवढीच दोन अक्षरे. फेब्रुवारीच्या पगारातून मात्र ३०० जातात. का, असे विचारले तर हिशेबनीस मान वर न करता सांगतो, "फेब्रुवारीत तसंच असतं."

उत्तर बरोबर आहे, फक्त अर्धे आहे. 'पीटी' म्हणजे प्रोफेशन टॅक्स, व्यवसाय कर. या करासाठी पगाराचे वर्ष मार्च ते फेब्रुवारी धरतात. अकरा महिने २०० प्रमाणे २,२०० होतात आणि शेवटच्या महिन्याचे ३०० धरून २,५००. भारताच्या घटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने राज्याला एका माणसाकडून वर्षाला व्यवसाय कर म्हणून जास्तीत जास्त २,५०० रुपयेच घेऊ दिले आहेत. त्यातला शेवटचा रुपयाही सोडायचा नाही, असे सरकारने ठरवले आणि बाराने भाग जात नाही म्हणून वर्षअखेरीस शंभराची भर पडली. घटनेतला एक आकडा थेट शिंदखेडा तालुक्यातल्या कामगाराच्या खिशापर्यंत येऊन पोचल्याचे इतके सरळ उदाहरण दुसरे सापडणे अवघड.

या कापाकापीची कुळी शोधत गेले, तर वाटेत दोन दुष्काळ, एक बंड, एक लढाई आणि लंडनच्या पार्लमेंटची एक दुरुस्ती लागते. सरकारने किती खर्च करावा, कुणाच्या खिशातून करावा आणि कर्ज कितपत काढावे, हा अमेरिकेतला वाद दर काही महिन्यांनी जगभर गाजतो. आपल्याकडे तोच वाद या 'पीटी'च्या दोन अक्षरांत दीडशे वर्षे चालू आहे, पण त्याचा गाजावाजा कुणी करत नाही.

सुरुवात १८५७च्या बंडापासून करावी लागते. बंड मोडण्याचा खर्च कंपनी सरकारच्या आणि नंतर राणीच्या हिंदुस्थानी तिजोरीवर पडला, म्हणजे रयतेवरच. कर्ज वाढले, तूट भरेना. तेव्हा लंडनहून जेम्स विल्सन नावाचा गृहस्थ कलकत्त्याला धाडण्यात आला. 'द इकॉनॉमिस्ट' हे साप्ताहिक १८४३ साली काढणारा तोच हा. त्याने १८६०मध्ये हिंदुस्थानात पहिल्यांदा प्राप्तिकर बसवला. मद्रासचा गव्हर्नर चार्ल्स ट्रेव्हेलियन याने आधी खर्च कमी करा, मग कर बसवा, असे उघडपणे म्हटले, तर त्यालाच परत बोलावले गेले. विल्सनही कर लागू झाल्यावर महिन्याभरात, ऑगस्टमध्ये, कलकत्त्यातच वारला. पाच वर्षांत कर मागे घेतला गेला. पण एक गोष्ट रुजली: शेतसारा भरणाऱ्या कुणब्याखेरीज गावात, पेठेत, कचेरीत पैसे मिळवणारा आणखी एक वर्ग आहे आणि त्याच्याकडेही हात पसरता येतो.

खरा पूर्वज मात्र त्यापुढचा. १८७६ ते १८७८च्या दुष्काळाने दख्खन उजाड केले. लोकांना दगड फोडायला, रस्ते खणायला लावून धान्यापुरती मजुरी द्यायची, ही पद्धत त्यात मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आणि सरकारचे कोट्यवधी रुपये गेले. दुष्काळ पुन्हा येणारच, दर वेळी कर्ज काढत बसलो तर व्याजातच बुडू, हा हिशेब व्हाइसरॉय लिटनच्या कौन्सिलातल्या वित्त खात्याचा प्रमुख जॉन स्ट्रेची याने मांडला. उपाय म्हणून दरसाल दीड कोटी रुपये बाजूला काढायचे आणि त्याला नाव द्यायचे 'दुष्काळ विमा'. पैसा उभा करायला १८७८मध्ये व्यापार-धंद्यावर परवाना कर बसला. मुंबई इलाख्यासाठी त्याचा वेगळा कायदा झाला. अखंड खानदेश जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता, त्यामुळे धुळ्याच्या आडतीपासून गावच्या किराणा दुकानापर्यंत तो पोचला.

त्या कराची गंमत अशी, की तो दुकानदार, कारागीर यांच्यावर होता. सरकारी अधिकारी आणि वकील-डॉक्टर त्यातून मोकळे. तेल्याने, शिंप्याने दुष्काळासाठी द्यायचे आणि हजारोंचा पगार घेणाऱ्या साहेबाने काहीच द्यायचे नाही. एप्रिल १८७८मध्ये सुरतेत दुकाने बंद झाली, दंगल झाली, गोळीबार झाला. नरडाण्यावरून जाणारी तापी खोऱ्यातली रेल्वे याच सुरतेकडे जाते. पण ती झाली एकोणिसावे शतक संपता संपता. १८७८मध्ये सुरतेची बातमी खानदेशात यायला बैलगाड्यांची वाट होती.

आणि मग जे व्हायचे तेच झाले. कर बसला त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अफगाणिस्तानशी लढाई सुरू झाली आणि पुढच्या अंदाजपत्रकात दुष्काळ विम्याची रक्कम थांबवली गेली. परवाना कर मात्र थांबला नाही. दुष्काळाच्या नावाने गोळा केलेले पैसे गेले कुठे, हा प्रश्न पुण्यामुंबईच्या वर्तमानपत्रांनी आणि सभांनी पुढची कित्येक वर्षे धरून ठेवला. सरकारचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या चोख होते: आम्ही वेगळी पेटी ठेवू असे म्हटलेच नव्हते, तेवढी वाढीव शिल्लक दाखवू असे म्हटले होते. पुढे ते अनुदान पुन्हा सुरू झाले तेव्हा त्याच्या खात्यांत दुष्काळी कामे, संरक्षक रेल्वे आणि कालवे यांच्यासोबत 'कर्ज कमी करणे' हेही एक खाते होते. उपाशी माणसाच्या नावाने घेतलेला पैसा सावकाराचे देणे फेडायला वापरला, तर तो अपहार म्हणायचा की दूरदृष्टी? माझे मत विचाराल तर दोन्ही. पण करदात्याला कर घेताना दूरदृष्टीबद्दल कुणी काही सांगितलेले नव्हते.

१८८६च्या प्राप्तिकराने साहेब आणि वकील अखेर जाळ्यात आले, शेतीचे उत्पन्न बाहेर राहिले. धंद्यावरचा जुना कर मोठ्या करात विरघळला आणि छोट्या स्वरूपात नगरपालिका-लोकल बोर्डांकडे रेंगाळत राहिला.

तो परत मोठा झाला असता १९३९मध्ये. संयुक्त प्रांतात गोविंद वल्लभ पंतांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. दारूबंदी करायची म्हणजे अबकारीचे उत्पन्न जाणार. ते भरून काढायला मोठ्या पगारांवर चढत्या दराने नोकरी कर लावायचे त्यांनी ठरवले. मोठे पगार कुणाचे, हे सांगायला नकोच. आयसीएसच्या साहेबांचा संताप लंडनपर्यंत पोचला आणि पार्लमेंटने १९३५च्या कायद्यात एक कलम घुसवले: धंदा-नोकरीवरचा असा कर माणशी वर्षाला ५० रुपयांच्या वर नेता येणार नाही. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पगाराला घातलेले हे कुंपण स्वातंत्र्यानंतरही मोडले गेले नाही. घटनाकारांनी फक्त खांब सरकवले, ५० चे २५० केले. १९८८मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने २५० चे २,५०० झाले, आणि तिथे ते आजवर थांबले आहे.

योगायोग म्हणजे अमेरिकेने आपल्या एकूण सरकारी कर्जावर एकच आकडेवार मर्यादा घातली तीही १९३९मध्येच. ती होती ४५ अब्ज डॉलरची. २०२५च्या जुलैत ती ४१.१ लाख कोटी डॉलरवर गेली, म्हणजे नऊशे पटींहून जास्त. आपली कराची मर्यादा तेवढ्या काळात पन्नास पट झाली. अमेरिकेने उधारीला कुंपण घातले आणि ते वरचेवर हलवले; आपण वसुलीला घातले आणि विसरून गेलो. त्यामुळे महिना १५,००० मिळवणारा नरडाण्याचा यंत्रचालक आपल्या पगाराच्या सुमारे १.४ टक्के व्यवसाय कर देतो आणि महिना दोन लाख घेणारा व्यवस्थापक ०.१ टक्का. दोघांचे रुपये सारखेच. पंधराव्या वित्त आयोगाने ही मर्यादा १८,०००वर न्यावी असे सुचवले आहे, पण त्यासाठी घटनादुरुस्ती लागेल. पगारदारांना नाराज करणारी घटनादुरुस्ती करायला कोण पुढे येणार?

आता महाराष्ट्राकडे. आपला व्यवसाय कर १ एप्रिल १९७५ला आला आणि तो आला रोजगार हमीसाठी. इथे कुळी पुन्हा दुष्काळाला जाऊन मिळते.

रोजगार हमी म्हटली की वि. स. पागे यांचे नाव आधी घ्यावे लागते. विधान परिषदेचे ते दीर्घकाळ सभापती होते. १९६५मध्ये त्यांच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात या कल्पनेचा लहानसा प्रयोग झाला. गावातला जो कुणी अंगमेहनतीचे काम मागेल त्याला सरकारने ते द्यायचे, इतकी साधी मांडणी. १९७२मध्ये ती राज्यभर नेण्याचे ठरले आणि त्याच वर्षी दुष्काळाने सगळे हिशेब उधळले. मे १९७३मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. खानदेशातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या वर्षाबद्दल विचारले की खडी फोडणे, पाझर तलावाची माती, सुकडी आणि अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी ओळीने बाहेर येते. मिलोची भाकरी घशाखाली उतरायची नाही, हे सांगताना चेहरा अजून कसनुसा होतो. त्याच काळात, तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्याकडे अंबरसिंग सुरतवंतींसारखे कार्यकर्ते आणि श्रमिक संघटना भिल्ल मजुरांना एकत्र आणत होत्या. काम मागणे ही याचना न राहता मागणी झाली, ती अशा ठिकाणी.

कामाचे तंत्र नवे नव्हतेच. हजेरीचे मस्टर, मुकादम, मापावर मजुरी हे सारे १८८०च्या दुष्काळ आयोगानंतर लिहिल्या गेलेल्या दुष्काळ संहितांतून आलेले. नवे होते ते दोन शब्द: हमी आणि निधी. दुष्काळ पडला तर काम, असे नाही. मागितले की काम, दर वर्षी. मग पैसाही दर वर्षी लागणार आणि तो कर्जातून नको. म्हणून शहरांनी गावांसाठी द्यावे असे ठरले. पगारदार, व्यापारी, डॉक्टर, वकील यांच्यावर व्यवसाय कर आला. शहरातल्या बिगरनिवासी मालमत्तेवर रोजगार हमी उपकर बसला, तो घरपट्टीच्या बिलावर अजून दिसतो. विक्रीकरात, मोटारकरात, बागायत जमिनीच्या आकारणीत थोडी थोडी भर पडली. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे या करांतून जेवढे येईल तेवढेच सरकारने स्वतःच्या तिजोरीतून घालायचे. १९७७मध्ये विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा एकमताने केला, २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. ज्यांच्यावर कर बसला त्यांच्या प्रतिनिधींनीही हात वर केले, हे आज वाचताना नवल वाटते.

एकमत होण्यामागे केवळ करुणा होती असे मानायचे कारण नाही. दुष्काळात गावे ओस पडली की माणसे मुंबईच्या पदपथांवर येतात, हे मुंबईच्या कारखानदाराला कळत होते. बागायतदाराला गावातच पाझर तलाव हवा होता. मजुराला काम हवे होते. तिघांच्या गरजा एका कायद्यात बसल्या, आणि असा कायदाच टिकतो.

पण १८७८चे भूत गेले नव्हते. १९९०च्या दशकात हमीवरचे मजूर घटू लागले आणि कराचे उत्पन्न नोकऱ्या व पगारांबरोबर वाढत गेले. कॅगच्या अहवालांनी पुन्हा पुन्हा तेच दाखवले: गोळा झालेला कर पूर्ण निधीत वर्ग होत नाही, सरकारचा बरोबरीचा हिस्सा वेळेवर येत नाही, उरलेला पैसा सरकारच्या इतर खर्चाला आधार देत राहतो. स्ट्रेचीला हा युक्तिवाद ओळखीचा वाटला असता. वेगळी पेटी म्हणावी तर ती कागदावर, पैसा एकाच तिजोरीत. फरक एवढाच, की या वेळी कायद्यात निधीचे नाव लिहिलेले होते, म्हणून लेखापरीक्षकाला बोट ठेवायला जागा होती.

२००५मध्ये केंद्राने हीच कल्पना, पुढे मनरेगा म्हणून ओळखल्या गेलेल्या कायद्याने, देशभर नेली. २ फेब्रुवारी २००६ला पहिल्या टप्प्यात निवडलेल्या दोनशे जिल्ह्यांत धुळे होता, जळगावचा नंबर पुढे लागला. अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राने उचलला. मग महाराष्ट्राच्या व्यवसाय कराचे काम काय उरले, असे कुणी विचारू शकले असते. राज्याचा साहित्याचा वाटा, शंभर दिवसांनंतरची मजुरी, अशी कामे होतीच. पण त्यांच्यासाठी एवढा कर लागतो का, यावर फारशी चर्चा झाली नाही. कर चालूच राहिला. १९७५ साली नोकरीला लागलेल्याला तो कशासाठी कापतात हे माहीत होते. आज एमआयडीसीत नव्याने भरती झालेल्याला 'पीटी' म्हणजे शाळेतला कवायतीचा तास आठवला तर त्याचा दोष नाही. एप्रिल २०२३पासून महिन्याला २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना तो माफ झाला. योग्य निर्णय आहे, पण अंदाजपत्रकाच्या भाषणात ती सवलत म्हणून आली. ज्यासाठी तो कर होता त्याचा उल्लेख कुणाला सुचला नसावा.

डिसेंबर २०२५मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. कामाचे दिवस शंभराचे १२५ झाले आणि बहुतेक राज्यांसाठी खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ४० अशी ठरली. मजुरीच्या बिलाचा मोठा वाटा वीस वर्षांनी पुन्हा राज्याच्या अंगावर येतो आहे. इतर राज्ये तो कर्जातून भरायचा की इतर कामे कापून, याचा विचार करत असतील. महाराष्ट्राकडे त्यासाठी पन्नास वर्षांपूर्वी बांधलेली पेटी तयार आहे, तिचा कायदा आहे, तिच्यात भर घालणारा करही दर महिन्याला येतो आहे. पुढच्या अंदाजपत्रकात विरोधी बाकांवरून कुणी विचारलेच, तर वित्तमंत्र्यांना आधी हे सांगावे लागेल की त्या पेटीत आज नेमके किती आहेत.