फॅक्टरी फाइव्ह ८१८

घरच्या गॅरेजमध्ये जोडता येणारी अमेरिकन दोन आसनी स्पोर्ट्स कार. मॅसॅच्युसेट्स राज्यातील वेअरहॅमच्या फॅक्टरी फाइव्ह रेसिंग (स्थापना १९९५) या कंपनीची ही निर्मिती. ८१८ हा आकडा गाडीच्या उद्दिष्ट वजनाचा, किलोग्रॅममधला. कंपनी नळ्यांचा सांगाडा आणि बाह्यांग पुरवते. इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग असे बरेच काही जुन्या सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्समधून काढून घ्यायचे असते.

सुबारूत इंजिन पुढे असते आणि चारही चाके ओढतात. ८१८ मध्ये तेच आडव्या सिलिंडरांचे टर्बो इंजिन चालकाच्या पाठीमागे बसते व फक्त मागची चाके फिरवते. त्यासाठी गिअरबॉक्समधील मधला डिफरन्शियल बाद करावा लागतो. टर्बोची टर्बाइन एक्झॉस्टच्या तप्त वायूंनी फिरते आणि त्याच दांड्यावरचा कॉम्प्रेसर हवा दाबून सिलिंडरांत भरतो. दाबलेली हवा तापते, म्हणून इंटरकूलर लागतो. मूळ गाडीत त्याला बॉनेटवरच्या खाचेतून वारा मिळे. इंजिन मागे गेल्यावर तो वारा तिथवर पोहोचवणे अवघड होते. रेडिएटर मात्र पुढेच राहतो. त्याच्या लांब नळ्यांत हवा अडकली तर इंजिन तापते.

खरी कसोटी वायरिंगची. एअरबॅग, काचेचा हीटर अशा गोष्टींच्या नको असलेल्या तारा एकेक करून वेचायच्या आणि इंजिनाच्या संगणकाला लागणारी एकही तोडायची नाही, हे काम आराखडा समोर ठेवून शांतपणेच करावे लागते. घाई करणाऱ्याची गाडी इथेच अडते. अशा घरी जोडलेल्या गाडीच्या नोंदणीचे नियम अमेरिकेत राज्यागणिक बदलतात.