दलघफूंचा जिल्हा

पावसाळ्यात नगर जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत एक चौकट ठरलेली असते. घाटघर-रतनवाडीचा पाऊस मिलिमीटरमध्ये, भंडारदऱ्याचा साठा दलघफूमध्ये, म्हणजे दशलक्ष घनफुटांत, आणि सोडलेला विसर्ग क्युसेकमध्ये. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी ही मापं बदलली नाहीत. वाचणाऱ्याला त्यातून एवढंच हवं असतं: धरण कधी भरणार आणि आवर्तन कधी सुटणार.

हिशेब तसा टपरीवरही होण्याजोगा आहे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे ११,५७४ क्युसेकने पाणी चोवीस तास वाहिलं की हजार दशलक्ष घनफूट, अर्थात एक टीएमसी. बोलताना साडेअकरा हजार धरलं तरी चालतं.

क्युसेक येण्याआधी इथे प्रवाहाला मापच नव्हतं, असं मात्र नाही. विहीर दोन मोटेची की चार मोटेची, असं विचारलं जाई. प्रश्न साठ्याचा नसे. एका वेळी किती मोटा चालतात, याचा असे. साताऱ्याजवळच्या लिंबची बारामोटेची विहीर तर या मापानेच ओळखली जाते. पण मोट लहान-मोठी, बैल तगडे की थकलेले, विहीर खोल की उथळ, यावर सगळं अवलंबून. एका गावची मोट दुसऱ्या गावाच्या हिशेबाला लावता येत नसे.

इंग्रज अंमलात प्रवरेवर ओझरचा बंधारा झाला आणि कालव्यांबरोबर फूट आणि एकर आले. १९१० मध्ये भंडारदऱ्याचं काम सुरू झालं. २७० फूट उंचीचं हे दगडी धरण १९२६ च्या डिसेंबरमध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते खुलं झालं. क्षमता ११,०३९ दलघफू. एवढं पाणी शेतापर्यंत मोजून द्यायचं, तर क्युसेकइतकं सोयीचं माप दुसरं नव्हतं. एका क्युसेकने तासाभरात ३,६०० घनफूट पाणी येतं. एकरभर रानात एक इंच पाणी उभं करायला ३,६३० घनफूट लागतं. तीस घनफुटांचा फरक. तेवढं तर चारीच पिऊन टाकते! म्हणून एक क्युसेक, एक तास, एक एकर, एक इंच. या मेळामुळेच हे माप टिकलं, असं म्हणायला हरकत नाही.

मोजायची जागाही पाहण्यासारखी असते. चारीच्या तोंडाशी बांधकामाने पाण्याचा गळा आवळलेला असतो आणि अलीकडच्या भिंतीवर आकड्यांची पट्टी असते. गळ्यातून सुटलेलं पाणी पुढे उसळी घेतं. त्या उसळीमुळे खालच्या पाण्याचा वरच्या पातळीवर दाब येत नाही, म्हणून वरची एकच उंची वाचली की प्रवाह कळतो. विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने मुंबई इलाख्यात या पद्धतीवर बरंच काम केलं. गंमत अशी, की पट्टीवरची उंची दुप्पट झाली तर प्रवाह दुप्पट होत नाही, पावणेतीनपटीच्याही थोडा वर जातो. पाणी दोन बोटं उतरलं, तर टेलच्या शेतकऱ्याचा जीव का वर-खाली होतो, ते यावरून समजावं.

१९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आली. शेर गेला, किलो आला. दूध लिटरवर गेलं. पाणी हटलं नाही. मुळा धरण मेट्रिक जमान्यात पुरं झालं, तरी लोकांच्या तोंडी ते २६ टीएमसीचंच. सातबाऱ्यावर हेक्टर-आर लिहिलेलं असतं, पण बोलणं एकर-गुंठ्यातच चालतं, तसंच हे.

पैठणला मात्र भाषा बदलते. जायकवाडीचा साठा दशलक्ष घनमीटरमध्ये, म्हणजे दलघमीत सांगतात: एकूण २,९०९, त्यात उपयुक्त २,१७१. एक टीएमसी म्हणजे २८.३१७ दलघमी. समन्यायी पाणीवाटपाच्या २०१४ च्या आदेशाने जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याची ६५ टक्के रेषा ठरली, तीही सुमारे १,४११ दलघमीवर. वरच्या धरणांनी द्यायचं पाणी मात्र टीएमसीत बोललं जातं. ऑक्टोबर २०२३ च्या आदेशात एकूण ८.६ टीएमसी होतं. त्यात प्रवरा समूहाचा वाटा ३.३६, मुळेचा २.१०. प्रवरेचं तेवढं पाणी दहा दिवसांत सोडायचं ठरवलं, तर रात्रंदिवस ३,९०० क्युसेकच्या आसपास विसर्ग हवा. वाटेत कोरडं नदीपात्र जिरवेल ते वेगळंच.

दलघफू आणि दलघमी यांत छापताना फरक एका अक्षराचा, प्रत्यक्षात ३५ पटींचा. भंडारदऱ्याच्या ११,०३९ पुढे ‘फू’च्या जागी ‘मी’ पडला, तर त्या पाण्याने जायकवाडी तीनदा भरूनही उरेल. तेव्हा धरणाची चौकट वाचताना शेवटचं अक्षर आधी पाहा.