ब्राउझर बदलायचा म्हणजे नेमकं काय बदलायचं?

फोनमधला ब्राउझर बदलायचा असं ठरवून अनेकजण नवं ॲप घेतात, दोन दिवस वापरतात आणि तिसऱ्या दिवशी वीजबिल भरायला मुकाट्याने जुन्याकडे जातात. नव्या ॲपमध्ये काही खोट असतेच असं नाही. पण महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक जुन्या ब्राउझरमध्ये पहिला आकडा टाकताच पुढे येतो, बँकेचा पासवर्ड तिथेच साठवलेला असतो आणि निकालाचं पान तिथेच खूण करून ठेवलेलं असतं. ज्याला आपण सवय म्हणतो, ती पुष्कळदा अशी साठवलेली माहिती असते.

साधन बदलताना काय टिकतं आणि काय गळून पडतं, याचं एक चांगलं नोंदलं गेलेलं उदाहरण कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. तिथे बदललेलं साधन ब्राउझर नव्हतं, अख्खा संगणक होता.

वारणेचे संगणक

पन्हाळा तालुक्यातल्या वारणानगर परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं त्यात घेतली. गावोगावी संगणक केंद्रं उभी राहिली. बाजारभाव, पिकांवरचे रोग, सरकारी योजना, जमिनीच्या नोंदी हे सगळं शेतकऱ्याला गावातच, मराठीत मिळावं अशी कल्पना होती. त्या काळात शहरातही इंटरनेट कॅफेत तासावर पैसे मोजावे लागत. त्यामुळे देशभर या प्रकल्पाचं कौतुक झालं.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाचे संशोधक तिथे गेले, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. केंद्रं वापरात होती, पण मुख्यतः साखर कारखान्याच्या कामासाठी. उसाचं वजन किती भरलं, खत किती उचललं, बिल किती जमा झालं. शेतकऱ्याला एवढंच हवं होतं, आणि यासाठी संगणक, बॅटरी, प्रिंटर आणि त्यांची दुरुस्ती असा सगळा डोलारा सांभाळावा लागत होता.

मग संशोधकांनी हीच कामं साध्या मोबाइलवर, एसएमएसने करून पाहिली. प्रयोगाचं नावच ‘वारणा अनवायर्ड’. सात गावांत आठ महिने चाचणी चालली. संगणकावर होणारी सगळी कामं एसएमएसवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ही पद्धत जास्त सोयीची वाटली. राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंटारो तोयामा यांचा यावरचा शोधनिबंध आजही ग्रामीण तंत्रज्ञानाच्या अभ्यासात वाचला जातो.

नवं साधन आधीच्यापेक्षा ‘मागास’ असूनही बदल झाला, हे यातलं लक्षात घेण्यासारखं. एसएमएसवर इंटरनेट नव्हतं, चित्रं नव्हती, मोठा पडदा नव्हता. पण लोक प्रत्यक्षात कोणती कामं करतात हे आधी पाहिलं गेलं आणि त्यातलं एकही काम मागे राहिलं नाही.

सक्तीने झालेले बदल

ब्राउझरच्या बाबतीत मराठी वाचकाने स्वतःहून केलेल्या बदलांपेक्षा सक्तीचे बदलच जास्त पाहिले आहेत. युनिकोड रुळण्याआधी भारतीय भाषांतल्या कित्येक वर्तमानपत्रांची संकेतस्थळं स्वतःचे खास फाँट वापरत, आणि ते फाँट इंटरनेट एक्स्प्लोररमध्येच आपोआप उतरत. दुसऱ्या ब्राउझरमध्ये बातमीऐवजी चित्रविचित्र अक्षरांची रांग दिसायची. फायरफॉक्सची १.० आवृत्ती २००४ मध्ये आणि क्रोम २००८ मध्ये येऊनही अनेकांनी जुना निळा ‘ई’ सोडला नाही, त्याला हेही एक कारण होतं.

दुसरा धक्का २९ जून २०२० चा. केंद्र सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. चर्चा झाली ती टिकटॉकची, पण त्याच यादीत यूसी ब्राउझरही होता. कमी डेटात पान उघडायचं म्हणून स्वस्त फोनवर तो भरपूर वापरला जाई. बंदीनंतर ज्यांच्या खुणा आणि पासवर्ड फक्त त्याच ॲपमध्ये होते, त्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

तिसरा बदल कार्यालयांतला. इंटरनेट एक्स्प्लोररची सेवा १५ जून २०२२ ला बंद झाली. डिजिटल सहीचं टोकन वापरणारी काही सरकारी संकेतस्थळं त्याच ब्राउझरवर बेतलेली होती. त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने एज ब्राउझरमध्ये ‘आयई मोड’ ठेवला आहे आणि तो किमान २०२९ पर्यंत चालू राहील असं जाहीर केलं आहे. टेंडर भरणारे कंत्राटदार, कर सल्लागार यांनी ब्राउझर बदलताना हे काम आधी तपासावं. सही अडकली तर मुदत थांबत नाही.

सगळे ब्राउझर वेगळे असतात का?

दिसायला असतात. आतलं इंजिन मात्र मोजक्याच प्रकारचं आहे. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सॅमसंग इंटरनेट हे सगळे क्रोमियम या एकाच पायावर उभे आहेत. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं, सफारीचं वेगळं. भारतीय ब्राउझर तयार करण्याच्या सरकारी स्पर्धेत मार्च २०२५ मध्ये पहिला आलेला झोहोचा ‘उला’ही क्रोमियमवरच आहे. त्यामुळे क्रोम सोडून ब्रेव्ह किंवा उला घेतला तर संकेतस्थळं जवळपास पूर्वीसारखीच चालतील. बदलेल ते कंपनीचं धोरण: तुमची कोणती माहिती साठवायची, जाहिरातींचा माग किती रोखायचा. फायरफॉक्स घेतला तर एखादं जुनाट संकेतस्थळ रुसू शकतं, पण अँड्रॉइड फोनवर जाहिराती रोखणारे एक्स्टेन्शन त्यात बसवता येतात. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ती सोय नाही.

फोनसोबत आलेलाच ब्राउझर आणि शोधयंत्र बहुतेक लोक वापरत राहतात, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक असतं. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइड प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्यामागे फोनसोबत आधीच बसवून दिलेल्या ॲपचा मुद्दाही होता.

इन्स्टाग्राममधला लपलेला ब्राउझर

सोशल मीडियावर जास्त वेळ घालवणाऱ्यांची खरी अडचण वेगळीच असते. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवरची लिंक दाबली की ती तुमच्या निवडलेल्या ब्राउझरमध्ये उघडत नाही. ॲपच्या पोटातच एक छोटा ब्राउझर असतो, त्यात उघडते. म्हणजे कौतुकाने नवा ब्राउझर घेतला तरी दिवसातली निम्मी पानं त्याच्या वाटेला येतच नाहीत.

ऑगस्ट २०२२ मध्ये फेलिक्स क्राउझे या संशोधकाने दाखवून दिलं, की या दोन्ही ॲपचे आयफोनवरचे अंतर्गत ब्राउझर उघडलेल्या पानात स्वतःचा कोड घालतात. रोजच्या वापरातला धोका त्याहून साधा आहे. या छोट्या ब्राउझरमध्ये तुम्ही लॉगिन केलेलं नसतं, त्यामुळे पान पुन्हा पासवर्ड मागतं आणि माणूस बेसावधपणे टाकून मोकळा होतो. जाहिरातीतून उघडलेल्या पानावर तर हे करूच नये. वरच्या तीन ठिपक्यांवर दाबून ‘बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडा’ हा पर्याय घ्यावा, तिथे पूर्ण पत्ता वाचावा आणि मगच पुढे जावं.

प्रत्यक्ष बदलताना

वारणेच्या पद्धतीने आधी आठवड्याभराची कामं कागदावर लिहून काढावीत. वीजबिल, सातबारा, बँक, शिवाजी विद्यापीठाचा निकाल, मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, एसटीचं आरक्षण. ही प्रत्येक गोष्ट नव्या ब्राउझरमध्ये एकदा करून पाहावी. सगळी झाली, की फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘डीफॉल्ट ब्राउझर’ बदलावा. आयफोनवर ही सोय २०२० पासून आहे. जुनं ॲप लगेच काढू नये, फक्त पहिल्या पडद्यावरून हटवावं. महिन्याभरात किती वेळा शोधावं लागलं, त्यावरून काय राहून गेलं ते कळतं.

पासवर्ड हलवणं हा यातला सगळ्यात नाजूक भाग. क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरमधून सगळे पासवर्ड एका फाइलमध्ये काढता येतात आणि दुसऱ्या ब्राउझरला देता येतात. ही फाइल उघड्या अक्षरांत असते. तिला कुलूप नसतं. ती स्वतःला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवणं म्हणजे घराच्या सगळ्या किल्ल्या नावं लिहून अंगणात टांगण्यासारखं आहे. काम झाल्याबरोबर फाइल डाउनलोडमधून आणि कचरापेटीतूनही पुसावी. पासकी या फाइलमधून येत नाहीत, त्या नव्या ठिकाणी पुन्हा तयार कराव्या लागतात. ओटीपीची मात्र काळजी नको, तो सिमकार्डावर येतो, ब्राउझरवर नाही.

नव्या ब्राउझरचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. जुन्यात वर्षानुवर्षं ‘परवानगी द्या’ म्हणत दिलेल्या सगळ्या परवानग्या नव्यात नसतात. लॉटरी आणि ‘फोनमध्ये व्हायरस’ अशा सूचनांचा मारा बहुतेक वेळा अशा एखाद्या संकेतस्थळाला दिलेल्या परवानगीमुळेच होत असतो. तीच गोष्ट एपीके फाइलची. अँड्रॉइड ८ पासून ‘अनोळखी ॲप बसवण्याची’ परवानगी प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते. नव्या ब्राउझरला ती देऊच नये. आरटीओ चलान किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने येणाऱ्या फाइल याच दारातून आत शिरतात.

ब्राउझर कोणताही असो

खासगी विंडो, म्हणजे इन्कॉग्निटो, फक्त त्या यंत्रावरचा इतिहास लपवते. तुम्ही काय पाहता हे संकेतस्थळाला आणि इंटरनेट कंपनीला तरीही कळू शकतं.

सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात बसून काम केलं, तर ब्राउझरच्या निवडीपेक्षा डाउनलोडचा फोल्डर महत्त्वाचा. ई-आधारची पीडीएफ तिथे तशीच राहते, आणि तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, हे सगळ्यांना माहीत असतं. उठण्याआधी ती फाइल पुसायला सांगावी. ‘पासवर्ड साठवायचा का?’ या प्रश्नाला तिथे नेहमी नाहीच म्हणावं. साठवला गेला असेल, तर घरी येऊन स्वतःच्या फोनवरून पासवर्ड बदलावा. गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात कोणकोणत्या यंत्रांवर खातं अजून उघडं आहे याची यादी मिळते. त्या दुकानाचा संगणक तिथे दिसला, तर तिथूनच त्याला बाहेर काढता येतं.