रेस्ट सेवा आणि मुक्तस्रोत मध्यस्थ : पत्ता वाचावा, पत्र नव्हे

मुंबई-गोवा महामार्गावरील, कणकवली तालुक्यातील तळेरे हे वाटा फुटण्याचे ठिकाण आहे. उत्तरेला खारेपाटण, दक्षिणेला कणकवली, पूर्वेला वैभववाडी-गगनबावड्यामार्गे कोल्हापूर आणि पश्चिमेला विजयदुर्ग. येथे एसटी कोणत्या बाजूला वळणार हे तिच्यावरील पाटी सांगते. त्यासाठी प्रवाशांच्या पिशव्या उघडाव्या लागत नाहीत. संगणकांच्या जाळ्यात अशा नाक्याचे काम ‘प्रॉक्सी’ ही मध्यस्थ आज्ञावली करते. विनंती स्वीकारायची, योग्य सर्व्हरकडे वळवायची आणि आलेले उत्तर परत पोचवायचे, एवढेच तिचे कर्तव्य.

रेस्ट म्हणजे काय?

‘रेस्ट’ ही संकल्पना रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन शाखेतील आपल्या पीएच.डी. प्रबंधात मांडली. एचटीटीपी १.१ या नियमावलीच्या कर्त्यांपैकी ते एक होत. रेस्ट ही आज्ञावली नव्हे, तर रचनेची शिस्त आहे. शिधापत्रिका असो वा परीक्षेचा निकाल, प्रत्येक गोष्टीला तिचा स्वतःचा पत्ता असावा. त्या पत्त्यावर मोजक्याच क्रिया कराव्यात : ‘गेट’ म्हणजे वाचणे, ‘पुट’ म्हणजे दिलेला मजकूर तेथे ठेवणे, ‘डिलीट’ म्हणजे काढून टाकणे आणि ‘पोस्ट’ म्हणजे मजकूर प्रक्रियेसाठी सोपवणे. प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असावी. आधी काय बोलणे झाले हे सर्व्हरला लक्षात ठेवावे लागू नये. वाटेत कितीही मध्यस्थ असले तरी व्यवहार तोच राहावा, हेही याच शिस्तीचे एक कलम आहे.

त्याच सुमारास रूढ झालेल्या ‘सोप’ पद्धतीत सर्व विनंत्या सहसा एकाच पत्त्यावर जात आणि खरे काम लिफाफ्याच्या आत लिहिलेले असे. त्यामुळे मध्यस्थाला अनेकदा लिफाफाच उघडावा लागे. रेस्टमध्ये क्रिया आणि पत्ता दोन्ही बाहेरच दिसतात.

मुक्तस्रोत मध्यस्थ

स्क्विड, अपाची, एचएप्रॉक्सी आणि २००४ मध्ये इगोर सिसोयेव्ह यांनी खुले केलेले एन्जिनएक्स हे या क्षेत्रातील परिचित मुक्तस्रोत मध्यस्थ. अपाची सिनॅप्स याहून एक पायरी पुढे जाते. जुन्या प्रणालीला सोपचाच लिफाफा समजत असेल, तर सिनॅप्स बाहेरून रेस्ट विनंती घेऊन तिचे आत भाषांतर करू शकते. श्रीलंकेत २००५ साली स्थापन झालेल्या डब्ल्यूएसओ२ या कंपनीने आपली सेवावाहिनी सिनॅप्सवरच उभारली. कार्यालयातील जुनी प्रणाली न मोडता तिला नवा दरवाजा देता येतो, हा या पद्धतीचा मोठा लाभ.

आधारचा धडा

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे २९ सप्टेंबर २०१० रोजी पहिले आधार क्रमांक देण्यात आले. आधारची पडताळणी सेवा मध्यस्थांच्या साखळीवर चालते. रास्त भाव दुकानातील यंत्राची विनंती सेवा देणाऱ्या संस्थेकडे जाते, तेथून जोडणी पुरवणाऱ्या संस्थेकडे आणि मग केंद्रीय भांडाराकडे. ही सेवा एचटीटीपीवर चालते आणि प्रत्येक विनंती स्वयंपूर्ण असते. मात्र सर्व पडताळण्या ‘पोस्ट’नेच होत असल्याने तिला काटेकोर अर्थाने रेस्ट म्हणता येणार नाही.

तिच्या रचनेतील एक बारकावा मननीय आहे. विनंतीच्या पत्त्यात आधार क्रमांकाचे केवळ पहिले दोन अंक असतात. कामाची वाटणी करण्यास तेवढे पुरते. बोटाच्या ठशाचा तपशील यंत्रातच कूटबद्ध होतो आणि तो उलगडण्याची किल्ली मधल्या संस्थांकडे नसते. प्रॉक्सी आपल्या नोंदवहीत प्रत्येक विनंतीचा पत्ता सहसा लिहून ठेवते. म्हणूनच संपूर्ण ओळखक्रमांक किंवा बँक खाते पत्त्यात घालणे धोक्याचे असते. शिवाय ‘एचटीटीपीएस’चे संरक्षण बहुधा प्रॉक्सीपाशी संपते आणि पुढे नवी जोडणी सुरू होते. तेथे मजकूर उघडा पडू नये असे वाटत असेल, तर तो स्वतंत्रपणे कूटबद्ध करावा लागतो.

जोडणी तुटली तर?

डोंगरउताराच्या कोकणात, विशेषतः पावसाळ्यात, इंटरनेटची जोडणी तुटणे नवे नाही. उत्तर आले नाही तर मध्यस्थाने विनंती पुन्हा पाठवावी काय? ‘गेट’ पुन्हा पाठवण्यास हरकत नाही. दोनदा वाचल्याने काही बदलत नाही. ‘पुट’ आणि ‘डिलीट’ यांचा परिणामही एकदा आणि दोनदा सारखाच. ‘पोस्ट’चे तसे नाही. धान्य दिल्याची नोंद झाली, पण पोच वाटेत हरवली, आणि मध्यस्थाने तीच विनंती पुन्हा पाठवली, तर एका कुटुंबाच्या नावावर धान्य दोनदा दिल्याची नोंद होऊ शकते. त्याचा फटका तळेऱ्यातील गृहिणीला पुढच्या खेपेस दुकानाच्या दारात बसेल. यावर उपाय साधा आहे : प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास सर्व्हरने नवी नोंद न करता जुनेच उत्तर द्यावे.

खुलेपणाचे महत्त्व

केंद्र सरकारने २०१५ मध्ये दोन धोरणे जाहीर केली. पहिल्याने सरकारी प्रणालींत मुक्तस्रोत आज्ञावलींना पसंती दिली. त्या वगळायच्या असतील तर कारण देणे आवश्यक ठरवले. दुसऱ्याने सरकारी प्रणालींनी आपली माहिती व सेवा खुल्या जोडणीद्वारे उपलब्ध कराव्यात असे सांगितले. मध्यस्थाच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे ठरते, कारण सर्व वाहतूक त्याच्या हातून जाते. त्याची संहिता खुली असेल तर तो काय वाचतो, काय लिहून ठेवतो आणि विनंती कधी पुन्हा पाठवतो, हे जाणकारांना तपासता येते. पुरवठादार बदलला तरी सेवा अडत नाही. अर्थात संहिता खुली असणे म्हणजे सुरक्षितता आपोआप मिळणे नव्हे. मांडणी चुकली किंवा सुधारित आवृत्त्या वेळेवर बसवल्या नाहीत, तर खुला मध्यस्थही धोकादायक ठरतो. नाक्यावर पहारा बसवताना पहारेकऱ्यावरही लक्ष ठेवावे लागते.