यूट्यूब चॅनेल काढायचंय? स्टँड-माईक घेण्याआधी विषय ठरवा

गावागावात आता एक तरी पोरगं ‘चॅनेल काढतो’ म्हणतंय. माईक येतो, स्टँड येतो, कधी हप्त्यावर नवा फोनही येतो. दहा-बारा व्हिडिओ पडतात आणि मग चॅनेल गार. बहुतेक वेळा खोट आवाजात किंवा कॅमेऱ्यात नसते, विषय निवडतानाच चूक झालेली असते. फोनचे हप्ते मात्र चालूच राहतात.

आधी पैशाचं गणित पाहू. जाहिरातीतला वाटा मिळण्यासाठी चॅनेलला १००० सबस्क्रायबर लागतात. त्यासोबत मागच्या १२ महिन्यांत लोकांनी मोठे व्हिडिओ मिळून ४००० तास पाहिलेले असावे लागतात, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. ४००० तास म्हणजे २ लाख ४० हजार मिनिटं. एक माणूस सरासरी ४ मिनिटं थांबला, तर ६० हजार वेळा व्हिडिओ पाहिला जायला हवा. शॉर्ट्स फीडमध्ये वर-खाली सरकवत पाहिलेला वेळ यात धरत नाहीत. त्यानंतर मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के चॅनेलवाल्याला मिळतात, पण खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय रक्कम बँकेत येत नाही. थोडक्यात, वर्षभर एक रुपया न मिळताही ज्यावर बोलावंसं वाटेल, असाच विषय घ्यावा लागतो.

योजनांच्या व्हिडिओचा मोह

सगळ्यात जास्त गर्दी इथेच आहे. २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजना आली तेव्हा फॉर्म कसा भरायचा, हे दाखवणारे व्हिडिओ धडाधड पडले. व्ह्यूजही आले. पण फॉर्मची मुदत संपली की तो व्हिडिओ कोण पाहणार? शिवाय एकच जीआर शेकडो चॅनेलवर वाचला जातो. मग वेगळं दिसण्यासाठी ‘आजच खात्यात पैसे’ असा फोटो लावायचा, आणि दोनदा फसलेला माणूस तिसऱ्यांदा फिरकत नाही. कीर्तन आणि बैलगाडा शर्यतीलाही प्रेक्षक भरपूर, मात्र कीर्तन महाराजांचं असतं, त्यांची परवानगी लागते. शर्यतीच्या व्हिडिओला सिनेमाचं गाणं लावलं तर जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जाऊ शकतात.

वर्षभर पुरेल असा विषय

‘शेती’ हा विषय नाही, तो समुद्र आहे. ‘दुधाचा धंदा’ हा विषय झाला. दूध रोज दोन वेळा डेअरीत जातं आणि रोज कुणीतरी विचारतं, फॅट का कमी लागली? एसएनएफ का बसत नाही? गाय माजावर येते पण गाभण का राहत नाही? दगडी झाली तर पहिल्या दिवशी काय करायचं? मुरघासाला मका कधी कापायचा? कालवड विकत घ्यायची की घरीच वाढवायची? उन्हाळ्यात दूध घटतं, पावसाळ्यात गोठ्यात चिखल होतो, हिवाळ्यात वासरं आजारी पडतात. विषय हंगामासोबत आपोआप फिरतो. यंदाचा मुरघासाचा व्हिडिओ पुढच्या वर्षीही शोधला जाईल.

द्राक्षाचंही तसंच, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची छाटणी चुकत नाही. कांद्याला खरीप, रांगडा आणि उन्हाळी असे तीन हंगाम आहेत. विषय पारखायची साधी पद्धत म्हणजे कागदावर ५० व्हिडिओंची नावं लिहून पाहणे. विसाव्या नावाला पेन अडलं तर विषय तोकडा आहे किंवा आपली माहिती. दोन्हीपैकी काय ते प्रामाणिकपणे ओळखावं. नावं सुचत नसतील तर डेअरीच्या रांगेत किंवा कृषी सेवा केंद्राच्या काउंटरपाशी तासभर उभं राहावं. लोक विचारतात तेच शब्द मोबाईलवरही शोधतात.

शेतीच घ्यायला हवी असं नाही. नगर तालुक्यातल्या सारोळा कासार येथील सुमन धामणे यांचं ‘आपली आजी’ चॅनेल घरच्या स्वयंपाकावर उभं राहिलं, कॅमेरा नातवाने सांभाळला. रोज चुलीवर जे शिजतं तेच त्यांनी दाखवलं.

पैसा नेमका कुठून?

नुसत्या जाहिरातीवर घर चालेल हा हिशेब कच्चा आहे. विषय आपल्या कामाशी जोडलेला असेल तर चॅनेल गिऱ्हाईक आणतं. रोपवाटिकावाल्याची रोपं जातात, शेळीपालकाची बोकडं जातात, मुरघासाच्या बॅगांना तालुक्याबाहेरून फोन येतात.

पुढे खत-औषधवाले ‘आमच्या बाटलीबद्दल दोन शब्द बोला’ म्हणून पैसे घेऊन येतात. इथे जपून. पैसे घेतले असतील तर ते व्हिडिओत स्पष्ट सांगावं लागतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक जणांचा जीव गेला होता. त्यामुळे ज्याला औषधाचं प्रमाण लेबल वाचून सांगता येत नाही, त्याने फवारणी हा विषय घेऊच नये.

२९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि लाखो फॉलोअर असलेल्यांची खाती रातोरात निरुपयोगी झाली. नुसत्या नाच-गाण्यावर चाललेल्यांना पुन्हा शून्यातून सुरुवात करावी लागली. विषयासाठी येणारा माणूस मात्र दुसऱ्या ॲपवरही शोधत येतो. म्हणून सुरुवातीपासून प्रेक्षकांचा व्हॉट्सॲप ग्रुप ठेवलेला बरा.

पहिले २० व्हिडिओ हातातल्या फोनवरच काढावेत, कॉलरला लावायचा साधा माईक पुरतो. मग यूट्यूब स्टुडिओ उघडून लोक कोणत्या मिनिटाला सोडून जातात आणि खाली कमेंटमध्ये काय विचारतात ते पाहावं. एकविसाव्या व्हिडिओचा विषय बहुधा तिथेच सापडतो.