दुसऱ्या स्तराचे एमपीएलएस आभासी खासगी जाळे

दुसऱ्या स्तराचे एमपीएलएस आभासी खासगी जाळे, म्हणजेच लेयर-२ एमपीएलएस व्हीपीएन, ही दूरसंचार पुरवठादाराच्या सामायिक जाळ्यातून ग्राहकाच्या इथरनेट फ्रेम जशाच्या तशा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्याची पद्धत होय. या पद्धतीत पुरवठादाराचे राउटर ग्राहकाचे आयपी पत्ते पाहत नाहीत. फ्रेमपुढे लावलेल्या लेबलांवरून ते तिची वाट ठरवतात. त्यामुळे परस्परांपासून दूर असलेली कार्यालये एकाच इथरनेट जाळ्यावर असल्यासारखी काम करू शकतात.

पार्श्वभूमी

दूरच्या शाखा जोडण्यासाठी पूर्वी भाडेतत्त्वावरील स्वतंत्र वाहिन्या, फ्रेम रिले किंवा एटीएम यांचा वापर होत असे. प्रत्येक सेवेसाठी वेगळे जाळे सांभाळणे खर्चिक होते. लेबलांवर आधारित वहनाचे प्रमाणीकरण करण्यासाठी इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या संस्थेने १९९७ मध्ये कार्यगट स्थापन केला. एमपीएलएसची मूळ रचना जानेवारी २००१ मध्ये आरएफसी ३०३१ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. एमपीएलएसवरून इथरनेट फ्रेम नेण्याची पद्धत २००६ मध्ये आरएफसी ४४४८ द्वारे निश्चित झाली.

लेबलाची रचना

एमपीएलएस शीर्षक ३२ बिटांचे असते. त्यातील २० बिट लेबलाच्या मूल्यासाठी, ३ बिट वाहतुकीच्या प्राधान्यासाठी आणि १ बिट हे शेवटचे लेबल आहे की नाही हे सांगण्यासाठी असतो. उरलेले ८ बिट पॅकेटची आयुर्मर्यादा दर्शवतात. ० ते १५ ही मूल्ये विशेष उपयोगांसाठी राखीव आहेत. लेबलाचा अर्थ संपूर्ण जाळ्यात एकच नसतो. प्रत्येक राउटर आपल्यापुरते लेबल ठरवून ते इतर राउटरांना कळवतो.

फ्रेमचा प्रवास

या सेवेत दोन लेबले वापरली जातात. बाहेरचे लेबल पुरवठादाराच्या दुसऱ्या टोकाच्या सीमा राउटरपर्यंतची वाट दाखवते. आतले लेबल त्या राउटरवर पोहोचल्यानंतर फ्रेम कोणत्या ग्राहकाच्या जोडणीवर द्यायची हे सांगते. आतल्या लेबलांनी तयार होणाऱ्या आभासी तारेस स्यूडोवायर म्हणतात. लेबलाची वाट एकदिशी असल्यामुळे एका स्यूडोवायरसाठी परस्परविरुद्ध दिशांच्या दोन वाटा लागतात.

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली हे तालुक्याचे ठिकाण उदाहरणादाखल घेता येईल. तेथील एका कार्यालयाची फ्रेम आलापल्ली, आष्टी व चामोर्शी येथील राउटरांमार्गे गडचिरोलीतील मुख्य कार्यालयात जायची आहे असे समजू. तिचा प्रवास पुढील क्रमाने होईल.

१. एटापल्लीचा सीमा राउटर फ्रेम स्वीकारतो आणि तिच्या शेवटी असलेली त्रुटी-तपासणीची बेरीज काढून टाकतो.
२. तो फ्रेमपुढे आवश्यकतेनुसार ४ बाइटांचा नियंत्रण शब्द, नंतर आतले लेबल आणि सर्वांत बाहेर वाटेचे लेबल लावतो.
३. आलापल्ली व आष्टी येथील राउटर केवळ बाहेरचे लेबल वाचून ते बदलतात. आतली फ्रेम ते उघडत नाहीत.
४. शेवटून दुसरा, म्हणजे चामोर्शीचा राउटर, बहुधा बाहेरचे लेबल काढून टाकतो.
५. गडचिरोलीचा सीमा राउटर आतल्या लेबलावरून ग्राहकाची जोडणी ओळखतो, लेबल काढतो आणि मूळ फ्रेम ग्राहकाच्या उपकरणाकडे सोपवतो.

मधल्या राउटरांना ग्राहकाचे पत्ते लक्षात ठेवावे लागत नाहीत. त्यामुळे ग्राहक वाढले तरी गाभ्यातील राउटरांच्या सारण्या त्या प्रमाणात वाढत नाहीत.

प्रकार

बिंदू ते बिंदू सेवा: एक स्यूडोवायर दोनच ठिकाणे जोडते. ती भाड्याच्या वाहिनीची जागा घेते. तिला आभासी खासगी तार सेवा म्हणतात.

व्हीपीएलएस: अनेक ठिकाणे जोडली जातात आणि पुरवठादाराचे जाळे एका मोठ्या इथरनेट स्विचसारखे वागते. सीमा राउटर आलेल्या फ्रेमवरून मॅक पत्ते शिकतात. अनोळखी पत्त्याची किंवा सर्वांसाठी असलेली फ्रेम सर्व स्यूडोवायरांवर पाठवली जाते. चक्र निर्माण होऊ नये म्हणून गाभ्याकडून आलेली फ्रेम पुन्हा गाभ्याकडे पाठवली जात नाही. मात्र यासाठी प्रत्येक सीमा राउटर इतर सर्वांशी थेट जोडलेला असावा लागतो. जानेवारी २००७ मध्ये बीजीपीवर आधारित आरएफसी ४७६१ आणि एलडीपीवर आधारित आरएफसी ४७६२ असे व्हीपीएलएसचे दोन प्रकार प्रसिद्ध झाले.

ईव्हीपीएन: फेब्रुवारी २०१५ च्या आरएफसी ७४३२ मधील या पद्धतीत सीमा राउटर मॅक पत्ते बीजीपीद्वारे परस्परांना कळवतात. त्यामुळे अनोळखी फ्रेम सर्वत्र पसरवण्याची गरज कमी होते. तसेच एक कार्यालय दोन सीमा राउटरांशी जोडून दोन्ही जोडण्या एकाच वेळी वापरता येतात.

मर्यादा

जोडण्यांची संख्या: गडचिरोली जिल्ह्यात १२ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी एक सीमा राउटर ठेवून व्हीपीएलएस उभारल्यास ६६ स्यूडोवायर लागतील. सर्वांसाठी असलेल्या प्रत्येक फ्रेमच्या ११ प्रती मूळ राउटरला पाठवाव्या लागतील. एटापल्लीतून अशी वाहतूक सेकंदाला १०० किलोबिट असेल, तर तेथून बाहेर पडणाऱ्या वाहिनीवर ती ११०० किलोबिट होईल. वाहिनी २ मेगाबिटांची असल्यास निम्म्याहून अधिक क्षमता यातच खर्च होईल. श्रेणीबद्ध व्हीपीएलएसमध्ये दूरचे ठिकाण एकाच स्यूडोवायरने केंद्रीय राउटरशी जोडले जाते आणि प्रती तेथे काढल्या जातात. त्यामुळे कमी क्षमतेच्या वाहिनीवर एकच प्रत जाते.

आकारमर्यादा: १५०० बाइटांच्या मजकुरास ग्राहकाचे १४ बाइटांचे इथरनेट शीर्षक, ४ बाइटांचा नियंत्रण शब्द आणि दोन लेबलांचे ८ बाइट जोडले की आकार १५२६ बाइट होतो. फ्रेमवर व्हीएलएएनची खूण असल्यास आणखी ४ बाइट वाढतात. वाटेतील एखाद्या वाहिनीची मर्यादा १५०० बाइट असेल, तर मोठ्या फ्रेम वगळल्या जातात व लहान फ्रेम मात्र पोहोचतात. चाचणीचे छोटे संदेश यशस्वी होऊनही मोठ्या फाइल जात नसल्यास हे एक संभाव्य कारण असते.

गोपनीयता: खासगी या शब्दाचा येथील अर्थ इतर ग्राहकांपासून वेगळेपणा एवढाच आहे. लेबल लावल्याने माहिती कूटबद्ध होत नाही. वाहिनीवर प्रवेश मिळवणाऱ्यास फ्रेम वाचता येऊ शकते. म्हणून बँका, रुग्णालये अशा संवेदनशील माहिती हाताळणाऱ्या संस्थांनी स्वतंत्र कूटलेखन वापरणे आवश्यक ठरते.

तिसऱ्या स्तराच्या सेवेशी तुलना

तिसऱ्या स्तराच्या एमपीएलएस व्हीपीएनमध्ये पुरवठादार ग्राहकाचे आयपी मार्ग स्वतःच्या सीमा राउटरांवर ठेवतो. दुसऱ्या स्तराच्या सेवेत मार्गनिश्चिती पूर्णपणे ग्राहकाकडे राहते आणि आयपीखेरीज अन्य नियमावलीही वापरता येतात. त्याचबरोबर एका कार्यालयातील इथरनेट दोषाचा परिणाम इतर कार्यालयांपर्यंत पोहोचण्याची शक्यता वाढते.

भारतातील संदर्भ

राज्यांची मुख्यालये, जिल्हे आणि तालुके किमान २ मेगाबिट क्षमतेने जोडण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये राज्यव्यापी जाळ्यांची योजना मंजूर केली. ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या प्रकल्पास ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी मिळाली. पुढे तो भारतनेट या नावाने ओळखला जाऊ लागला. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात तालुका व ग्रामपंचायत पातळीवर आयपी-एमपीएलएस राउटर आणि वर्तुळाकार जोडणी यांचा समावेश आहे.

वर्तुळाकार जोडणीत एका बाजूची तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक वळवता येते. पर्यायी लेबल-वाट आधीच तयार ठेवल्यास हा बदल सुमारे ५० मिलिसेकंदांत होऊ शकतो. एकाच रस्त्यालगत फायबर असलेल्या वनप्रदेशातील तालुक्यांना याचा लाभ तेव्हाच मिळतो, जेव्हा वर्तुळाच्या दोन्ही बाजू प्रत्यक्षात वेगळ्या मार्गांनी गेलेल्या असतात. दोन्ही तारा एकाच चरातून नेल्यास एका खोदकामात दोन्ही तुटू शकतात, आणि लेबलांची कोणतीही योजना ती उणीव भरून काढू शकत नाही.